रंगाखालचा नंबर

एकोणीसशे चौऱ्याण्णव सालचा दसरा आणि त्याच्या मागून आलेला जानेवारी. एवढ्या चार महिन्यांत हे सगळे घडून गेले.

मित्रांनो, मी एक जुनी मूठ आहे. तलवारीची नव्हे, छत्रीचीही नव्हे. लखनौला निशातगंजजवळच्या एका शाळेच्या तीन नंबर बसला मागे एक संकटकालीन दार होते, त्या दाराची मी मूठ. रोज चढायला उतरायला पुढचे दार असे. माझ्या दाराने वर्षानुवर्षे बंद राहायचे आणि कधी काळी वेळ आलीच, तर एकदा उघडायचे. आयुष्यात एकच काम, आणि तेही मला जमले नाही. म्हणून ही गोष्ट सांगताना माझा आवाज जरा खाली गेला, तर समजून घ्या.

माझा जन्म अलीगढच्या एका कारखान्यातला. वितळलेल्या धातूचा रस साच्यात ओतला आणि मी झाले. माझ्या अंगाला तळहाताएवढी पकड होती आणि पुढे एक बारीक मान. ती मान दारात शिरून आतली खिटी फिरवायची. कानशीने घासून घेताना एका कारागिराने मला उजेडात धरले आणि तो म्हणाला, "उस्ताद, इसकी गर्दन में बुलबुला लगता है. हल्की बज रही है." उस्तादाने मान वर न करताच सांगितले, "ऊपर से तो चमक रही है. जाने दो."

माझ्या मानेत हवेचा एक बुडबुडा कायमचा राहिला होता. तेवढ्या जागी मी पोकळ होते. मला ते कळत होते, पण चमकते म्हटल्यावर मलाही बरे वाटले. मग माझ्या मानेच्या मागच्या बाजूला ठशाने नंबर उठवला, बी-४७, आणि मी पेटीत पडले.

नव्वद साली मी तीन नंबर बसच्या दारावर बसले. तिथे मला नरहर देवस्थळी भेटले.

देवस्थळी मूळचे साताऱ्याचे. चाळीस वर्षे लखनौच्या रेल्वे कारखान्यात काढून ते निवृत्त झाले होते आणि आता शाळेच्या पाच बसगाड्यांची देखभाल त्यांच्याकडे होती. मोठा मुलगा बँकेत. त्याची बदली शहराबाहेर, बख्शी का तालाबच्या शाखेत झाली, म्हणून सगळे कुटुंब तिकडेच राहायला गेले. कारखान्यात असताना त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगत. देवस्थळींनी 'तपासले' म्हणून सही केली, की दुसऱ्याने तो नट पुन्हा पिळून बघायचा नाही. त्या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. कोणी पाहुणा आला की चहाबरोबर ती गोष्टही यायचीच.

त्यांनी माझ्यावर माया केली, मित्रांनो. हे मी कधी विसरणार नाही. दर महिन्याला माझ्या बिजागरीत तेलाचे दोन थेंब पडत. आणि वर्षातून दोनदा माझी पूजा होई. सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला ड्रायव्हर रामसजीवन सगळ्या गाडीला सिंदूर लावी, त्यात मलाही एक बोट मिळे. मग खंडेनवमीला देवस्थळी येत. गाडी धुतलेली असे. ते धोतर नेसून, चष्मा पुसून, हातात बारीक ब्रश घेऊन माझ्यापुढे बसत आणि मला लालभडक रंगाचा एक हात देत. रंग वाळला की हळदकुंकू, झेंडूची माळ आणि आपट्याचे पान. लखनौत आपटा सहज मिळत नाही. त्यांच्या पत्नी, माणिकआजी, साताऱ्याहून पाकिटातून मागवत. ती पाने येईपर्यंत अर्धी वाळलेली असत, पण चालून जाई.

पाच वर्षांत माझ्यावर रंगाचे पाच थर चढले. पहिल्या थरात माझा नंबर धूसर झाला, तिसऱ्यात बुजला. शाळेत तपासणीला कोणी आले तर म्हणे, "देवस्थळी साहब, आपकी बसों का तो हैंडल भी दुल्हन लगता है!" देवस्थळी हसत. मीही आतून फुलून जाई. मानेतली ती पोकळ जागा आता कोणाला दिसणार नाही, याचाही मला आनंद होता. ही माझी पहिली लाज.

दुसरी अशी, की मला कधी कोणी पुरते फिरवूनच बघितले नाही. देवस्थळी दोन बोटांनी मला अर्धे वळवत, 'ठीक' म्हणत आणि पुन्हा सरळ करत. पुरते फिरवले तर मानेजवळचा रंग उडाला असता.

देवस्थळींची नात अनघा आठवीत होती. तिची जागा माझ्याशेजारी, अगदी मागच्या बाकावर. वळणावर ती मला धरून बसे. तिचा हात सकाळी थंड आणि दुपारी पेरूच्या मीठमसाल्याने चिकट असे. आजोबा तिच्याशी मराठीत बोलत, ती हिंदीत उत्तर देई.

"अनघा, मुठीला लोंबकळू नकोस गं. शोभेची नाही ती."

"आजोबा, शोभा की ही तो है! आप खोलने देते नहीं किसी को."

त्या दिवशी सगळे हसले होते.

चौऱ्याण्णव सालच्या खंडेनवमीला मला पाचवा हात मिळाला. दुसऱ्या दिवशी दसरा. शाळेला सुट्टी होती, पण आदल्या दिवशीचे टपाल पडून होते आणि शिपायाने ते देवस्थळींना गाडीपाशी आणून दिले. अलीगढच्या, माझ्या कारखान्याचे पत्र होते. रामसजीवन बोनेट पुसत होता. देवस्थळींनी चष्मा लावून मोठ्याने वाचले: बी-४० पासून बी-६० पर्यंतच्या मुठींच्या ओतकामात दोष आढळला आहे, जोर लावल्यास मान तुटू शकते. या नंबरांच्या मुठी ताबडतोब काढून परत पाठवाव्यात, बदलून मिळतील. सोबतच्या कागदावर 'तपासले' असे लिहून, सही करून उत्तर द्यावे.

मित्रांनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या कारखान्याने चूक केली होती, त्याने ती आपल्या तोंडाने कबूल केली होती. आता फक्त माझी मान बघायची होती.

रामसजीवनने फडके खांद्यावर टाकले. "बाबूजी, नंबर तो पेंट के नीचे होगा. खुरच के देख लें? ब्लेड है मेरे पास."

देवस्थळींनी माझ्याकडे पाहिले. माळ ताजी होती, कुंकू ओले होते.

"अरे, कल ही तो पूजा की है. पूजे हुए औज़ार को आज हाथ नहीं लगाते. आज दसरा है."

"तो कल देख लेंगे."

"हाँ, कल."

उद्या आला आणि गेला. मग कोजागिरी झाली, शाळेची सहामाही झाली, दिवाळी तोंडावर आली. कारखान्याचे स्मरणपत्र आले. देवस्थळी ब्लेड घेऊन गाडीत आले होते, हे मी पाहिले आहे. माझ्यापुढे उभे राहिले. ब्लेडचे टोक रंगावर टेकवलेसुद्धा. रंग इतका गुळगुळीत होता, की त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत असावा. ते स्वतःशीच म्हणाले, "माझ्या हाताखालची वस्तू, चार वर्षं मी बघतोय. हिला काय धाड भरलीय?" आणि ब्लेड खिशात गेले.

तिथेच, मागच्या बाकावर बसून, मांडीवर कागद ठेवून त्यांनी पाचही गाड्यांसाठी लिहिले, 'तपासले. यादीतील नाही.' खाली सही केली. चाळीस वर्षांत न बघता केलेली ती पहिली सही.

अनघा दप्तर घ्यायला तेवढ्यात आत आली होती. "आजोबा, नंबर देखा आपने?"

त्यांनी पेनाला टोपण लावले. "बघितला गं."

मी तिथेच होते. मला बोलता येत नव्हते हे खरे. पण बिजागऱ्या बोलतात, स्प्रिंगा बोलतात, बिघाड असला की कुरकुरतात. माझे तेलपाणी इतके चांगले होते, की माझ्यातून कुरकुरसुद्धा निघाली नाही.

जानेवारीत कोहरा, म्हणजे दाट धुके, पडला. लखनौचा तो कोहरा ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगू! बोनेटच्या पुढे दुधाची भिंत उभी असते. देवस्थळी सहाच्या टेम्पोने आधीच शाळेत गेले होते. पाचही गाड्या फाटकातून आत येईपर्यंत ते तिथून हलत नसत. रामसजीवनने बख्शी का तालाबहून मुले घेतली, तेवीस जण, आणि तो दिवे लावून बैलगाडीच्या चालीने निघाला. मागच्या बाकावर अनघा होती. तिच्याशेजारी पहिलीतल्या दोन मुली एका शालीत बसल्या होत्या.

समोरून दिवे नसलेली उसाची ट्रॉली आली. रामसजीवनने गाडी डावीकडे घेतली आणि डावीकडे रस्ता संपलेला होता. बस चरात उतरली आणि डाव्या अंगावर कलली. पुढचे दार मातीच्या भिंतीला चिकटून बंद झाले. मग बोनेटखालून धूर यायला लागला.

खिडक्यांना गज होते. ड्रायव्हरचे दार वरच्या बाजूला होते, पण तिथे जायची वाट बोनेटवरूनच होती आणि धूर नेमका तिथेच दाटत होता. रामसजीवन कसाबसा वर चढून बाहेर पडला आणि धावत मागे आला. माझ्या दाराला बाहेरून मूठ नव्हती. तो काचेवर हात आपटत ओरडला, "बिटिया! पीछे वाला गेट! हैंडल घुमाओ, पूरा घुमाओ!"

मुले रडत, खोकत मागे सरकत होती. कोणी म्हणाले, "यह नहीं खुलता, यह तो कभी खुला ही नहीं!"

अनघाने मला दोन्ही हातांनी धरले. "खुलेगा! मेरे आजोबा ने चेक किया है. हटो, दम लगाने दो."

तिने दम लावला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला पुरते फिरवत होते. खिटी जागची हलली, अगदी सुतभर. आणि त्याच क्षणी माझी मान बुडबुड्याच्या जागी तुटली.

मी तिच्या हातात आले. दार जागेवर राहिले.

ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्या धुरातही तिचे बघणे मला दिसले, आणि ते मी अजून बघते आहे.

मग ती काचेबाहेरच्या रामसजीवनला ओरडली, "भैया, हटो!" आणि मलाच मुठीत धरून तिने दाराची काच फोडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन घाव. चौथ्याला काच गेली. उरलेले तुकडे रामसजीवनने बाहेरून अंगावरच्या शालीने, कोपराने पाडले. पहिलीतल्या दोघी आधी गेल्या, मग इतर, एकेक करून, त्याच्या हातांवरून गवतात. अनघा सर्वांत शेवटी आली. काचेने तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत चिरला होता. तेवीसच्या तेवीस बाहेर आले. वायरी जळून गेल्यावर धूर थोड्या वेळाने आपोआप विरला, पण तो विरणार आहे हे आत कोणालाच माहीत नव्हते.

दवाखान्यात टाके घालताना तिची बोटे माझ्यावरून सोडवावी लागली. नंतर तिने मला स्वेटरच्या खिशात घातले आणि दोन दिवस कोणाला दाखवले नाही.

त्या दोन दिवसांत शाळेत पालकांची गर्दी झाली. "ड्राइवर सो रहा होगा." "हैंडल पहले से तोड़ रखा होगा, कि बच्चे छेड़ें नहीं." मॅनेजरसाहेबांनी फाइल काढली. त्यात देवस्थळींचा कागद होता, 'तपासले. यादीतील नाही.' मूठ चांगली होती म्हणून सही आहे, मग ती मोडली कोणी? रामसजीवननेच. पोलिसांत तक्रार देऊन त्याला नोकरीवरून काढायचे ठरत आले. तो खाली मान घालून उभा राही, एक अक्षर बोलत नसे.

दुसऱ्या रात्री जेवणे झाल्यावर अनघाने मला आजोबांच्या ताटाशेजारी ठेवले. तिच्या हाताला पांढरी पट्टी होती.

"आजोबा, लेटर में कौन से नंबर थे?"

"चाळीस ते साठ," ते म्हणाले.

तिने मला पालथे केले. मान तुटली तेव्हा रंगाचा मोठा पोपडा उडाला होता. खाली ठसा स्वच्छ होता, कालच उठवल्यासारखा. बी-४७.

माणिकआजी ताटे उचलायला आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

"आपने देखा नहीं था," अनघा म्हणाली.

"नाही बघितला, बाळा."

"मैंने सबको बोला था कि आपने देखा है. बस में भी बोला." ती पट्टीची कड ओढू लागली. "वो छोटी वाली रो रही थी, मैंने उसको भी बोला."

आजोबांनी माझ्या ठशावरून बोट फिरवले. शेवटी माणिकआजी बोलल्या, "एवढी पूजा केलीत हिची. एकदा नख लावून बघितलं असतंत तर काय देव कोपला असता?" आणि मग हळूच, "त्या रामसजीवनला तीन मुली आहेत हो."

सकाळी देवस्थळी मला रुमालात बांधून शाळेत गेले. मॅनेजरांच्या खोलीत पालक बसले होते, रामसजीवन दाराशी उभा होता. देवस्थळींनी मला टेबलावर ठेवले, नंबर वर करून, आणि शेजारी कारखान्याचे पत्र.

"यह हैंडल वापस जाना था," ते म्हणाले. "मैंने बिना देखे साइन किया. रामसजीवन ने उसी दिन कहा था कि खुरच के देख लें. मैंने नहीं देखने दिया."

खोलीत कोणी तरी खाकरले. एक पालक, ज्यांची मुलगी त्या शालीत बसली होती, म्हणाले, "इतनी उम्र हो गई आपकी. शर्म नहीं आती?"

"आती है," देवस्थळी म्हणाले. "इसीलिए आया हूँ."

त्यांनी तिथेच राजीनामा लिहिला आणि मला पुन्हा रुमालात घेतले. पण जाण्याआधी ब्लेड घेऊन ते उरलेल्या चारही गाड्यांत गेले आणि चारही मुठींचा रंग त्यांनी स्वतःच्या हाताने खरवडला. त्यांतल्या आणखी दोन यादीतल्या निघाल्या.

रामसजीवन त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत आला. देवस्थळींनी विचारले, "दो दिन से सब तुझे गाली दे रहे थे. तू बोला क्यों नहीं?"

रामसजीवन फडक्याने हात पुसत राहिला. ते हात स्वच्छच होते. "आपके साइन के ऊपर मैं क्या बोलता, बाबूजी."

त्या वाक्याने देवस्थळींचे जे झाले, ते त्या पालकांच्या बोलण्याने झाले नव्हते.

आता कोणाचे पुढे काय झाले ते सांगते. तीन नंबर बस दुरुस्त झाली आणि रामसजीवनने ती आणखी नऊ वर्षे चालवली. रोज गाडी काढण्याआधी तो मागचे दार सताड उघडून बंद करी. आवाजाने शेजारी वैतागत. आता तो गावी असतो, त्याच्या धाकट्या मुलीची स्वतःची टॅक्सी आहे. उसाची ट्रॉली कोणाची होती, ते कधी कळले नाही. शाल वाटून घेणाऱ्या त्या दोघी मोठ्या होऊन परदेशी गेल्या असे ऐकते. माणिकआजी शेवटची वर्षे साताऱ्याला धाकट्या मुलाकडे राहिल्या आणि तिकडून दर दसऱ्याला आपट्याची पाने पाठवत राहिल्या.

देवस्थळी दोन हजार तीन साली गेले. राजीनाम्यानंतर रेल्वे कारखान्यातली ती 'तपासले'ची गोष्ट त्यांनी कुणाही पाहुण्याला सांगितली नाही. अनघा सहा महिने त्यांच्याशी कामापुरतेच बोलत होती. मग एके दिवशी शाळेचा फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, साइन कर दो. पढ़ के करना." त्यांनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचले आणि मग सही केली. ती शेजारी बसून होती.

अनघा आता लखनौतच, तेलीबागला राहते. उजव्या हातावर तो लांब वण आहे, उन्हाळ्यातही ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. तिचा मुलगा पहिल्यांदा शाळेच्या बसमध्ये चढला, तेव्हा ती त्याच्या मागोमाग चढली, सरळ शेवटपर्यंत गेली आणि तिने संकटकालीन दार पुरते उघडून पाहिले. "मम्मी, यार, सब देख रहे हैं!" तो कुजबुजला. "देखने दो," ती म्हणाली.

आणि मी? मी तिच्या देवघरातल्या खणात असते. मित्रांनो, आम्हा वस्तूंवर माया जरूर करा. तेल घाला, पुसा, सणाला माळही घाला. पण कधीतरी आमचा रंग खरवडूनही बघा. आम्हाला दुखत नाही. उलट कोणी बघितलेच नाही, तर आतली पोकळी आतच राहते, आणि एक दिवस ती कुणा लेकराच्या हातात तुटते. आणि कोणी तुम्हाला विचारले, 'पाहिलंत का?' तर पाहिले असेल तरच हो म्हणा. विचारणारा तुमच्या शब्दावर आणखी बावीस जणांना धीर देत असतो.

खंडेनवमीला अनघा मला बाहेर काढते. आजोबांनी घालून दिलेली रीत आहे ती. त्या जानेवारीनंतर माझ्यावर रंगाचा हात फिरला नाही. हळदकुंकू लावतात ते पकडीवर. नंबर उघडा ठेवतात, वरच्या बाजूला, आणि अनघाचा मुलगा तो मोठ्याने वाचतो. दरवर्षी मला वाटते, यंदा तरी नंबर खाली झाकून ठेवतील.

ठेवत नाहीत.